शिक्षकालाही हवा सोबती

वर्गात प्रश्न विचारला की तीच चार-पाच बोटे वर येतात. बाकीच्यांपैकी कुणी वहीत रेघोट्या मारत असतो, कुणी खिडकीबाहेर पाहत असतो, कुणी घंटेची वाट पाहत असतो. ‘मुलांचे लक्षच नसते’ ही तक्रार नेहमीची. पण लक्ष लागणे न लागणे सर्वस्वी मुलांवर अवलंबून असते का?

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ ॲलन, रॉबर्ट पियांटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांच्या वर्गांत याचा शोध घेतला. त्यांच्या उपक्रमाचे नाव ‘माय टीचिंग पार्टनर’. यात शिक्षक आपल्या तासाचे चित्रीकरण करून मार्गदर्शकाकडे पाठवतो. मार्गदर्शक त्यातले मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे निवडतो आणि प्रश्न विचारतो. उदाहरणार्थ, एखाद्या मुलीने उत्तर अर्धवट सोडले, तेव्हा तुम्ही काय केलेत? त्यानंतर ती पुन्हा बोलली का? शिक्षक तो प्रसंग पुन्हा पाहून उत्तर लिहितो. मग दोघे फोनवर बोलून पुढच्या तासाला काय करून पाहायचे ते ठरवतात. शिकवण्याच्या धांदलीत निसटलेले चेहरे शिक्षकाला अशा वेळी पहिल्यांदा नीट दिसतात.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ७८ शिक्षक होते. कुणाला मार्गदर्शन मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. १३ महिन्यांत प्रत्येकाचे सुमारे २० तास खर्ची पडले. मार्गदर्शन चालू असताना मुलांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. तो दिसला पुढच्या वर्षी, नव्या मुलांच्या वर्गात. शंभर जणांत बरोबर मधोमध असणारा विद्यार्थी सुमारे नऊ जागा पुढे सरकेल, एवढा तो फरक होता. शिक्षकाची सवय बदलायला वेळ लागतो. पण एकदा बदलली, की तिचा लाभ पुढच्या तुकडीलाही मिळतो.

मुलांच्या सहभागाचे काय? ॲन ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ८७ शिक्षकांच्या वर्गांचा अभ्यास मांडला. मार्गदर्शन मिळालेल्या शिक्षकांच्या वर्गात वर्षभराने मुले अधिक सहभागी होताना दिसली. वाढ माफक होती, पण स्पष्ट होती. त्यामागे दोन गोष्टी असाव्यात, असे संशोधकांना आढळले. एक, शिकवण्याच्या रीतीत विविधता आली. दोन, तयार उत्तर देण्याऐवजी मुलांना विचार करायला, कोडे सोडवायला लावले गेले.

मात्र, ही जादूची कांडी नव्हे. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मार्गदर्शनामुळे शिकवणे आणि मुलांचे गुण दोन्ही सुधारतात, हे त्यातून दिसले. पण उपक्रमातील शिक्षकांची संख्या वाढली की परिणाम कमी होतो, हेही दिसले. चांगले मार्गदर्शक घाऊक प्रमाणात मिळत नाहीत.

आपल्याकडे कुणी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले, की ‘तपासणी आली’ असेच शिक्षकाला वाटते. मग तो दिवस नीटनेटका पार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चार-पाच बोटे वर येतात. शेरा लिहून जाणारा आणि पुढचा तास कसा घ्यायचा यावर सोबत बसून बोलणारा, यांत फरक आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला उपयोग होतो तो दुसऱ्याचा.