लांबून फक्त 'धम् धम्' का ऐकू येते?

लग्नसराईत आपल्या पिंपळनेरात एक गोष्ट तुम्ही नक्की अनुभवली असेल. वरात गावाच्या दुसऱ्या टोकाला असते. अहिराणी गाणं चालू आहे एवढं कळतं, पण कोणतं ते कळत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, फक्त धम्, धम्, धम्. वरात जवळ आली की फळीवरची भांडी वाजू लागतात, आणि मग गाणं ओळखू येतं. असं का होतं? त्यासाठी आधी हा खर्जातला आवाज तयार कसा होतो ते पाहू.

भजनाला बसण्याआधी पखवाजवाले काका काय करतात, आठवा. कणीक भिजवून डाव्या तोंडावर थापतात. मी लहानपणी विचारलं होतं, "काका, ही पोळी कशाला?" ते हसून म्हणाले, "त्याला भूक लागते रे!" खरं कारण असं, की कणकेमुळे कातड्याचं वजन वाढतं. जड वस्तू सावकाश हलते. एका सेकंदात होणारी कंपनं कमी झाली की आवाज खाली उतरतो. कंपनांची ही संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे आवाज ऐकू येतात. तबल्यावरची काळी शाईही वजनाचंच काम करते, पण तिचं आणखी एक काम आहे. ती कातड्याची वेडीवाकडी कंपनं सुरात बसवते. यावर सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली संशोधन प्रसिद्ध केलं होतं. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी!

तारेचंही तसंच. तार लांब करा, सैल करा किंवा जाड करा, आवाज खाली जातो. नुसती सैल केली तर ती लोंबते आणि नीट वाजत नाही. म्हणून बेस गिटारच्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळून तिला जड करतात. तिची सर्वात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फुंकून वाजवायच्या वाद्यांत तारेऐवजी हवा हलते, म्हणून तिथे नळीची लांबी महत्त्वाची. ब्रास बँडमधल्या मोठ्या ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरेल. सरळ ठेवली तर वाजवणारा रस्त्याच्या या बाजूला आणि तोंड त्या बाजूला!

आता स्पीकर. त्याचा कागदी पडदा पुढे-मागे हलून हवा ढकलतो. ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झचा सूर तेवढ्याच जोरात हवा असेल, तर त्याच पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. म्हणून बेसचे स्पीकर १५-१८ इंचांचे असतात. बरं, मग त्याला एवढा मोठा खोका कशाला? पडदा पुढे जातो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. खोका नसेल तर मागची हवा कडेने पुढे येते आणि दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर हातात धरून ऐका, आवाज चिरका येईल. तोच पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून घट्ट बसवा. आवाज लगेच भारदस्त होतो. हे आज घरी करूनच बघा, वाचून खरं वाटणार नाही.

आता वरातीकडे वळू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी ३४० ÷ ४० = ८.५ मीटर, जवळजवळ एका घराएवढी. ४,००० हर्ट्झची लाट मात्र फक्त ८.५ सेंटीमीटर. छोट्या लाटा भिंतीला अडतात, हवेतही लवकर विरतात. गाण्याचे शब्द स्पष्ट करणारे 'स', 'श', 'च' हे आवाज त्यातलेच. मोठ्या लाटा घरांना वळसा घालून पुढे जातात, भिंतही त्यांना फारशी अडवत नाही. भांडी, पत्रे, खिडकीच्या काचा यांची स्वतःची कंपनसंख्या त्या सुराशी जुळली की त्या खडखडतात.

इथे एक गोष्ट मला खटकते. आवाजाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबाने होतं, आणि आपला कान खर्ज कमी ऐकतो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या आवाजातून मीटर सुमारे ३० डेसिबल वजा करतो. छातीत धडधड होते, तान्हं बाळ दचकून उठतं, तरी मीटरवरचा आकडा त्या मानाने कमीच दिसतो.

पुढची वरात आली की दारं-खिडक्या लावून बघा. काय ऐकू यायचं थांबलं आणि काय थांबलं नाही, ते वहीत लिहून आणा.