गाडी दुरुस्त झाली, किंमत कुठे गेली?

बैलबाजारात चार वेळा उभ्या राहिलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. नेकनूरच्या बाजारात एखादी जोडी उभी असते. अंगाने भरलेली, चालीला चांगली. पण त्यातला एक बैल मागे पाय दुखावून महिनाभर गोठ्यात बांधून होता, हे गिऱ्हाइकाच्या कानावर गेले की भाव खाली येतो. मालक शपथेवर सांगतो, 'त्यानंतर दोन हंगाम औत ओढलंय, कधी लंगडला नाही.' ते खरेही असते. तरी भाव खाली येतोच. गिऱ्हाईक नुसता बैल घेत नसते, उद्याची खात्रीही घेत असते. आणि ती खात्री एकदा उणी झाली की पैशात मोजली जाते.

बैलाच्या बाबतीत जे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते मोटारीच्या बाबतीत आपण सहज विसरतो. गाडी ठोकली, विम्याचे पैसे आले, पत्रा सरळ झाला, रंग चढला, की आपण म्हणतो, 'सुटलो बुवा!' पण खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

धारूरच्या माणसाला अपघाताची ओळख करून द्यायला नको. आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरावर. खामगाव-पंढरपूर महामार्गाने तेलगावकडे निघाले की घाट लागतो. रस्ता अरुंद, वळणे आंधळी आणि हंगामात उसाच्या वाहनांची रांग. दिवाळीनंतर याच घाटात अशा रांगेत माझी गाडी उभी होती. मागून आलेल्या मालट्रकला वेळेत थांबता आले नाही. माणसे वाचली, डिकी आत गेली. पोलिसांनी पंचनामा केला. कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. गाडी महिनाभर गॅरेजात राहिली आणि नव्यासारखी होऊन आली.

बिल झाले १ लाख ३८ हजार. माझ्या विमा कंपनीने दिले १ लाख १२ हजार. उरलेले २६ हजार घसाऱ्यापोटी व सक्तीच्या कपातीपोटी माझ्या खिशातून गेले. त्यात कंपनीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकात रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा धरतात. काचेवर काहीच कापत नाहीत. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ती १५ टक्के, तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शिवाय दावा केला म्हणून माझी २५ टक्क्यांची 'नो क्लेम' सवलत पुढच्या हप्त्यात शून्यावर आली.

इथपर्यंतचे नुकसान निदान कागदावर दिसत होते. न दिसणारे नुकसान माघात कळले. मुलाच्या शिक्षणासाठी गाडी विकायला काढली. ठोकर बसण्यापूर्वी हीच गाडी एका व्यापाऱ्याने ५ लाख २० हजारांना मागितली होती. तोच माणूस पुन्हा आला. त्याने डिकीतला गालिचा उचलला, वेल्डिंगवरून बोट फिरवले आणि उठून उभा राहिला. 'गुरुजी, गाडीत खोट नाही. पण लागलेली गाडी हाय. साडेचारच्या वर परवडत नाही.' सत्तर हजार रुपये एका बोटाच्या फिरण्यात गेले! माणूस खोटे बोलत नव्हता. त्यालाही ती पुढे कुणाला तरी विकायचीच होती.

हे सत्तर हजार कोणी द्यायचे?

पहिले उत्तर मनात येते, माझ्या विमा कंपनीने. मी तसे पत्र लिहिले. उत्तर थोडक्यात आले आणि ते पॉलिसीला धरून होते. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या प्रमाण करारात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कलमाखाली, परिणामी नुकसान, घसारा आणि झीज यांची भरपाई मिळणार नाही, असे स्पष्ट छापलेले असते. आपण पॉलिसीची पहिली दोन पाने पाहतो. ही वाक्ये त्यापुढच्या बारीक अक्षरांत असतात. 'झिरो डेप' घेतला म्हणजे हेही भरून येते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. झिरो डेपमध्ये सुट्या भागांवरची कपात वाचते, बाजारातली घसरण नाही. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे जादा संरक्षण तर गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तरच कामाला येते.

मग दुसरे दार कोणते? ज्याच्या चुकीने ठोकर बसली त्याचे. माझ्या कंपनीशी माझे नाते कराराचे आहे, तिथे करारातले शब्द बोलतात. ट्रकमालकाशी माझा करार नाही. तिथे प्रश्न एवढाच की, त्याच्या निष्काळजीपणाने माझे जे गेले ते त्याने भरून द्यावे की नाही? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६५ प्रमाणे अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृत्यू व इजा यांबरोबर तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो. कलम १६८ मध्ये 'न्याय्य' वाटेल अशी भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. दावा अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो, म्हणजे ट्रकमालकाच्या गावी खेटे घालायला नकोत. मुदत मात्र पाळावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे.

दुरुस्त गाडीच्या घटलेल्या किमतीचा प्रश्न जगाला नवा नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६१ मध्येच मान्य केले की, नीट दुरुस्ती झाली तरी अपघातग्रस्त गाडीची बाजारातली किंमत घटते आणि मालकाने गाडी विकली नाही तरीही ती घट नुकसानच ठरते. इंग्लंडमध्ये १९७४ च्या 'पेटन विरुद्ध ब्रुक्स' या खटल्यात अपील न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण दावा करणाऱ्याला प्रत्यक्ष घट सिद्ध करता आली नाही म्हणून त्याच्या हाती काही पडले नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'मॅब्री' खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले: ग्राहकाच्या स्वतःच्या विमा कंपनीनेही ही घट मोजली पाहिजे! त्या खटल्यातून एक सूत्र रूढ झाले. गाडीच्या किमतीच्या १० टक्के ही कमाल रक्कम धरायची आणि मग नुकसान किती मोठे व गाडी किती धावलेली, यावरून ती कमी करत जायची. सूत्र कंपनीच्या सोयीचे आहे अशी टीका तिथे होते, पण निदान मोजायला सुरुवात तरी झाली.

आपल्याकडे असे ठरीव सूत्र नाही. म्हणून सारा भार पुराव्यावर येतो आणि पेटनच्या खटल्याचा धडा धारूरमध्येही लागू पडतो. 'किंमत कमी झाली' असे नुसते म्हणून चालत नाही, किती कमी झाली ते दाखवावे लागते. मी जमवलेले कागद असे: पंचनाम्याची प्रत, दुरुस्तीपूर्वीचे फोटो, गॅरेजचे तपशीलवार बिल, विमा कंपनीच्या कपातीचा तक्ता, त्याच वर्षाच्या न ठोकलेल्या गाड्यांचे भाव आणि दोन व्यापाऱ्यांनी सहीनिशी लिहून दिलेली किंमत. यातले फोटो वेळीच काढले नाहीत तर नंतर मिळत नाहीत. पत्रा सरळ झाला की पुरावाही सरळ होतो!

आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. एक, तीच रक्कम दोनदा मिळत नाही. माझ्या कंपनीने दिलेले १ लाख १२ हजार मी ट्रकमालकाकडे मागू शकत नाही, मागणी उरलेल्याचीच. म्हणून पैसे घेताना 'पूर्ण व अंतिम समाधान' असे लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, कारण उद्या समोरचा वकील हाच कागद पुढे करतो. दोन, समोरच्या वाहनाचा विमा कितीचा आहे ते पाहावे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा वर्षानुवर्षे अवघी ६ हजार रुपये होती. मोटारी व मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत ती सहसा साडेसात लाखांपर्यंत असते, पण हप्ता वाचवण्यासाठी काही मालक ६ हजारांवरच थांबतात. मग वरची रक्कम त्यांच्या खिशातून यावी लागते आणि तो खिसा किती खोल आहे हा प्रश्न उरतो.

ट्रकचा चालक पोटासाठी रात्रंदिवस घाट चढतो-उतरतो, त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण त्याच्या मालकाने विमा घेतला आहे तो याच दिवसासाठी. तो हक्क मागणे म्हणजे भांडण उकरून काढणे, असे आपल्याकडे उगाच मानले जाते. माझा अर्ज मुदतीत अंबाजोगाईला दाखल झाला आहे, तारखा पडत आहेत. निकाल काय लागेल ते न्यायाधीश ठरवतील. त्या अर्जात दुरुस्तीच्या उरलेल्या खर्चाखाली एक वेगळी ओळ आहे: 'वाहनाच्या बाजारमूल्यातील घट, रु. ७०,०००.' वकीलसाहेब म्हणाले, 'ही ओळ सहसा कोणी लिहीत नाही.' मी म्हटले, 'लिहिलीच नाही तर द्यायची की नाही, हे ठरवणार तरी कोण?'