लिहिणारा हात आणि पडद्यावरचा आवाज

पुढारी व्यासपीठावर जे बोलतो ते त्याचेच असते, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची भाषणे लिहिण्यासाठी मात्र पगारी लेखक असतात. शब्द एकाचे, तोंड दुसऱ्याचे. टाळ्या पुढाऱ्याला मिळतात आणि जाबही त्यालाच द्यावा लागतो. लिहिणारा हात दिसत नाही. अशा हातांपैकी एक, बेन स्टाइन, पुढे स्वतःच पडद्यावर आले. त्यांची वाटचाल म्हणूनच तपासण्यासारखी आहे.

स्टाइन यांचा जन्म १९४४ साली वॉशिंग्टनला झाला. वडील हर्बर्ट स्टाइन हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ आणि निक्सन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. मुलाने कोलंबियाची पदवी घेतली, येलला कायदा शिकला आणि निक्सन यांचा भाषणलेखक झाला. वॉटरगेट प्रकरणामुळे ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. स्टाइन यांनी नंतर फोर्ड यांच्यासाठी लिहिले. पुढे वृत्तपत्रातले स्तंभलेखन, पुस्तके, हॉलिवूड अशी दारे उघडत गेली. मालक पडला तरी लेखक पडला नाही. ज्याच्या घरात विद्या आणि ओळखी आधीपासून नांदतात, त्याला धंदा बदलणे म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे.

१९८६ च्या ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ या चित्रपटात त्यांनी अर्थशास्त्राचा शिक्षक रंगवला. एकसुरी आवाजात तो १९३० च्या हॉली-स्मूट जकात कायद्यावर बोलतो, प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. विद्यार्थी पेंगतात. हे व्याख्यान स्टाइन यांनी आयत्या वेळी केले होते. ‘द वंडर इयर्स’ या मालिकेतही ते विज्ञानाचे शिक्षक झाले. भूमिका छोट्या होत्या, पण तो आवाज घरोघरी ओळखीचा झाला. १९९७ ते २००३ या काळात तर त्यांच्या नावाचाच प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर चालला.

खरा मुद्दा यापुढे आहे. ज्या आवाजात चढउतार नाही, तो आवाज निःपक्षपाती आहे असे श्रोत्याला वाटू लागते. २००८ साली ‘एक्स्पेल्ड’ हा माहितीपट आला. त्यात निवेदक म्हणून स्टाइन यांनी उत्क्रांतिवादाविरुद्ध ‘बुद्धिमान रचने’ची बाजू मांडली आणि डार्विनच्या विचाराचा संबंध नाझी अत्याचारांशी जोडला. ज्यू संघटनेनेच त्याचा निषेध केला. ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नव्हे, असा निकाल अमेरिकेतील संघीय न्यायालयाने डोव्हर खटल्यात २००५ सालीच दिला होता. पडद्यावरचा विज्ञानशिक्षक आता विज्ञानाच्या विरोधात उभा होता, आणि आवाज तोच होता.

माणसाने व्यवसाय बदलू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका क्षेत्रात कमावलेला विश्वास दुसऱ्या क्षेत्रात पुराव्याऐवजी वापरला जातो, तेव्हा श्रोत्याने सावध व्हावे. भाषण ऐकताना ते कोणी लिहिले हे विचारावे. परिचित चेहरा बोलू लागला की त्याचा आधार काय, हे विचारावे. वर्गात शिकवणाऱ्यांनी ही सवय विद्यार्थ्यांना लावावी आणि तिची सुरुवात स्वतःच्या व्याख्यानापासून करावी. विद्यार्थी पेंगत असतील तर तोटा एका तासाचा. ते न विचारता मान डोलावू लागले, तर तो तोटा पिढीचा असतो.