वहीचीं पानें मागें उलटतांना

डहाणू किंवा तलासरी तालुक्यांतील एखादी जमीन कोणाची, हें सांगणारा कागद म्हणजे सातबारा. तो हातीं आला कीं बहुतेक गृहस्थ वरचें नांव तेवढें पाहतात; त्याच पानावरील फेरफारांच्या क्रमांकांकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. वास्तविक सारें मर्म त्या आंकड्यांत आहे. सातबारा ही आजची स्थिति. गांव नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही, हा त्या स्थितीप्रत येण्याचा मार्ग. खरेदी, वारसा, गहाण, जें घडेल तें तलाठ्यानें तेथें क्रमानें नोंदावें, संबंधितांस नोटीस द्यावी, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलावा, असा १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचा दंडक आहे.

संगणकांतील माहितीचा सांठा, ज्यास डेटाबेस म्हणतात, तो पूर्वींच्या एखाद्या क्षणास परत नेण्याची युक्ति याच जातीची आहे. रात्रीं सबंध सांठ्याची एक प्रत काढून ठेवतात. पुढील प्रत्येक बदल एका रोजनिशींत क्रमानें व वेळेसह लिहिला जातो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ३ वाजून १० मिनिटांनीं कोणा कारकुनाच्या चुकीच्या आज्ञेनें हजारों नोंदी पुसल्या गेल्या, तर रात्रींची प्रत निराळ्या यंत्रावर उतरवावयाची, रोजनिशींतील बदल एकामागून एक तिच्यावर चढवावयाचे, आणि ३ वाजून ९ मिनिटांस थांबावयाचें. नुसती प्रत असली तर सकाळचें काम बुडालें. नुसती रोजनिशी असली तर बदल चढवावयाचे कशावर? दोन्हीं एकाच पेटींत ठेवणें हा तर शुद्ध वेडेपणा. शिवाय चुकीनंतर झालेलें खरें काम पुन्हा करावें लागतें, तें निराळेंच.

जमिनीच्या बाबतींत असें मागें जाण्याचा यत्न महाराष्ट्रानें केला. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलांत आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासीकडून इतरांकडे गेलेली शेतजमीन मूळ खातेदारास परत मिळावी, हा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं तो वैध ठरविला. येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. यंत्र सबंध सांठाच मागें नेतें. महसुली वही तसें करीत नाहीं. जुना फेरफार खोडला जात नाहीं, त्याचा परिणाम फिरविणारा नवा फेरफार पुढें लिहिला जातो. आणि जमीनहि गेली तशी येत नाहीं. मधल्या काळांत कोणी विहीर खणली, चिकूचीं झाडें लावलीं, तर त्या सुधारणांचें मूल्य आणि शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम परत घेणाऱ्यानेंच हप्त्यांनीं द्यावयाची. गरीब वारल्यास ही अट जड जावी, यांत नवल नाहीं.

त्याहून मोठी अडचण तारखेची. तलासरी भागांतील झरी गांवीं मे १९४५ मध्यें वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र जमले, तेव्हां अनेकांच्या जमिनी केव्हांच सावकार-जमीनदारांच्या खात्यांत गेलेल्या होत्या. १९५७ च्या अलीकडे थांबणारा कायदा तेथवर पोंचत नाहीं. कूळ म्हणून नांव लागलें असेल त्यास कुळकायद्याचा आधार. तोंडी कसणाऱ्याची तर नोंदच नाहीं, मग फिरवावयाचें काय?

आतां सातबारा संगणकावर आला आहे, आणि डिजिटल सहीनें मिळतो. मात्र त्याचा ताळा हस्तलिखित सातबाऱ्याशींच घालावा लागला. जुन्या फेरफारांच्या वह्या कचेरीच्या दप्तरखान्यांत कोरड्या जागीं ठेवणें अजूनहि तितकेंच आवश्यक आहे. डहाणूच्या पावसांत तें सोपें नाहीं.