विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट म्हणजे काय?

पॉवरलाइन अडॅप्टर लावला की वीज कंपनीच्या तारेतून इंटरनेट येते, असे अनेकांना वाटते. तसे नाही, इंटरनेटची जोडणी आणि राउटर लागतोच. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा लांबच्या खोलीत लावला की घरातल्याच वायरिंगमधून माहिती पुढे जाते.

एकाच तारेतून जाऊनही वीज आणि माहिती वेगळी ओळखता येते, कारण विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) 50 असते, माहितीच्या संकेतांची 20 लाखांहून अधिक. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या होळीत ढोल आणि बासरी एकाच हवेतून ऐकू येतात, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. अडॅप्टरही तसेच करतो.

जाड भिंतींमुळे वाय-फाय पोचत नसेल तिथे याचा उपयोग होतो. अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डाऐवजी थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावा. वीज गेली की मात्र तोही बंद पडतो.