अफवेचे गणित

१ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी गावोगाव फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्याआधी मोबाइलवरून सर्वत्र फिरत होती. त्या वर्षी देशात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील जनजागृतीपर चित्रफीत होती. मुलाला परत आणून सोडल्याचा तिचा शेवटचा भाग कापून ती पुढे पाठवली जात होती.

अफवा ही काही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली, तीही घरच्या फोनवरून आणि एसटीडी बूथवरून. मग व्हॉट्सॲपसारख्या साधनाने नेमके काय बदलले? हे समजून घेण्यास शाळेतील गुणाकार आणि थोडी संभाव्यता पुरेशी आहे.

समजा, एक संदेश पुढे पाठवणारा माणूस तो पाच गटांत टाकतो आणि प्रत्येक गटात तो पूर्वी न पाहिलेले ३० जण आहेत. म्हणजे एका माणसामागे १५० नवे वाचक झाले. यांतील बहुतेक जण वाचून सोडून देतात. १०० पैकी फक्त एक जण तो संदेश तसाच पाच गटांत पाठवतो असे धरू. म्हणजे १५० वाचकांमागे सरासरी दीड नवा प्रसारक तयार झाला. या संख्येला आपण 'प्रसारांक' म्हणू.

प्रसारांक = एका प्रसारकाचे नवे वाचक × वाचकाने पुढे पाठवण्याची संभाव्यता

आपल्या उदाहरणात १५० × १/१०० = १.५. पहिल्या टप्प्यात १५० वाचक, दुसऱ्यात २२५, तिसऱ्यात सुमारे ३३८. सुरुवातीला वाढ फारशी वाटत नाही. दहाव्या टप्प्यात मात्र सुमारे ५,७७० आणि विसाव्या टप्प्यात सुमारे ३ लाख ३० हजार नवे वाचक होतात. ही आपली ओळखीची भूमितीय श्रेढी आहे. शंभरातील नव्याण्णव माणसे शहाणपणाने गप्प बसली, तरीही हे घडते.

साथीच्या रोगांच्या अभ्यासात हेच गणित वापरतात. गोवराचा एक रोगी, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. त्यापुढे दीड हा आकडा किरकोळ दिसतो. परंतु गोवराच्या एका रोग्यापासून दुसरा रोगी होण्यास साधारण दहा-बारा दिवस जातात. संदेशाला काही मिनिटे पुरतात. एक टप्पा अर्ध्या तासाचा धरला, तर वीस टप्पे दहा तासांत पुरे होतात. सकाळी निघालेली अफवा संध्याकाळी जिल्हाभर पोहोचते, आणि चौकशी करून खुलासा देणारी यंत्रणा तेव्हा कुठे कामाला लागत असते.

१९९५ साली फोन करणाऱ्याला प्रत्येकाशी वेगळे बोलावे लागे. त्यात वेळ जाई, पैसे पडत. शिवाय ऐकणारा उलट प्रश्न विचारू शके. आता दीडशे जणांना सांगण्याचे श्रम एका जणाला सांगण्याइतकेच आहेत. गुणाकारातील पहिली संख्या अशी एकदम वाढली.

दुसरी संख्या, म्हणजे पुढे पाठवण्याची संभाव्यता, संदेशाच्या स्वरूपावर अवलंबून असते. २०१८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर (२०२३ पासून त्याचे नाव एक्स झाले) फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के अधिक आढळली. १,५०० जणांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. हा फरक यंत्रांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडत होता. खोट्या बातम्या अधिक नवलाच्या होत्या आणि त्यांना मिळालेल्या प्रतिसादांत आश्चर्य व किळस जास्त होती. ट्विटर आणि व्हॉट्सॲप यांची रचना वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण मुलांविषयीची भीती माणसाला विचार करण्याआधी बोट दाबायला लावते, हे आपण पाहतोच.

आता उपायाकडे वळू. व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज इतरांना वाचता येऊ नये अशा रीतीने सांकेतिक केलेले असतात. त्यामुळे मजकूर वाचून अफवा गाळणे कंपनीला शक्य नाही. पहिली संख्या कमी करणे मात्र शक्य आहे. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून, पाच किंवा अधिक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. या बदलानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले.

आपल्या उदाहरणात पाचाऐवजी एकच गट घेतला तर प्रसारांक ३० × १/१०० = ०.३ होतो. प्रसारांक एकापेक्षा कमी असला की प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि साखळी आपोआप तुटते. श्रेढीची बेरीज केली तर एकूण वाचक ३० ÷ ०.७, म्हणजे सुमारे ४३ भरतात. अर्थात चिकाटीचा माणूस एकेक करून दहा गटांना पाठवू शकतोच. म्हणून मर्यादेमुळे प्रसार मंदावतो. फार वेगाने पसरणारा संदेश पूर्णपणे थांबेलच असे नाही.

त्यामुळे दुसरी संख्या महत्त्वाची ठरते, आणि ती आपल्या हाती आहे. गट पाचच राहू द्या. पण शंभरात एकाऐवजी दोनशेत एकच जण पाठवतो असे धरा. प्रसारांक ०.७५ होतो आणि एकूण वाचक १५० ÷ ०.२५, म्हणजे ६०० वर थांबतात. लाखांचा आकडा सहाशेवर आला, तोही दोन प्रसारकांपैकी एकाने हात आवरल्यामुळे. सर्वांना शहाणे करण्याची गरज नाही. प्रसारांक एकाच्या खाली आणणे पुरे.

हे वर्गात फाशांनी करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने सहा जणांना चिठ्ठ्या द्याव्यात. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाने फासा टाकावा. ५ किंवा ६ पडले तर त्याने आणखी सहा जणांना चिठ्ठ्या द्याव्यात, एरवी खाली बसावे. येथे प्रसारांक ६ × १/३ = २ आहे. प्रत्येक टप्प्याचा आकडा फळ्यावर मांडावा. मग फक्त ६ पडल्यावरच, आणि तीनच जणांना चिठ्ठ्या देऊन, खेळ पुन्हा खेळावा. आता प्रसारांक एक चतुर्थांश, ०.५ होईल. खेळ अनेकदा खेळल्यावर मुलांना आणखी दोन गोष्टी दिसतील. प्रसारांक मोठा असूनही एखादी साखळी निव्वळ योगायोगाने लवकर तुटते. आणि वर्गातील नवी मुले संपत आली की वाढ मंदावते. प्रत्यक्षातही गटांत तीच ती माणसे असल्याने वाढ कायम चालत नाही.

शिक्षकाचे या साखळीतील स्थान वेगळे आहे. पालकांचा गट, केंद्राचा गट, गावाचा गट असे अनेक गट त्याच्या मोबाइलवर असतात. परिपत्रके आणि गृहपाठही त्यांतूनच जातात. म्हणजे त्याची पहिली संख्या मोठी. शिवाय शिक्षकाने पाठवले म्हणजे खरेच असणार, असे लोक धरून चालतात. म्हणून दुसरीही मोठी. तेव्हा दोन बाण असलेला संदेश आला की तीन गोष्टी पाहाव्यात: घटना कोणत्या तारखेची, कोणत्या गावची आणि ती प्रत्यक्ष पाहिल्याचे कोण सांगतो. यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर तो संदेश आपल्याकडेच थांबू द्यावा. तो खोटा असल्याचे कळले, तर ज्या गटात आला त्याच गटात तसे स्पष्ट लिहावे. खुलाशाचा प्रसारांक अफवेपेक्षा सहसा कमीच असतो, म्हणून तो लवकर आणि नेमक्या जागी पोहोचला पाहिजे.