सुटे भाग, जोडलेली गाडी आणि ‘का’ हा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठून विचारलं, “सर, ‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ यांत फरक आहे म्हणता, पण तो डोळ्यांना दिसेल असं एखादं उदाहरण द्या की.” मागणी रास्त होती. गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात हा फरक ठळकपणे मांडला. त्याच्याही कितीतरी आधी अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे की अनुभवी माणसाला ‘असं होतं’ हे ठाऊक असतं, आणि कला जाणणाऱ्याला ‘असं का होतं’ हे ठाऊक असतं. पण पुस्तकातून सांगितलं की ते पुन्हा ‘माहीत असणं’च होतं. म्हणून आज आम्ही ही गाडी घेऊन आलो आहोत. मागे बसलेल्यांना दिसतेय ना?

ही रेडिओवर चालणारी बग्गी आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. नाव ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने ही 1984 साली काढली, नवशिक्यांना परवडावी म्हणून. पुढे 2005 मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. ती तयार मिळत नाही, पेटीत सुटे भाग मिळतात. आमच्या भाच्याने जपानहून येताना ती आणली आणि आमच्या नातवाच्या हातात ठेवली. नातू तेव्हा सहावीत. आम्ही निवृत्त. दोघांकडेही सुट्टी होती.

पेटी उघडल्यावर

पेटीत काय असतं? प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना भाग लटकलेले. प्रत्येक चौकटीला अक्षर, प्रत्येक भागाला आकडा. स्क्रूंच्या पिशव्या वेगळ्या. पुस्तिकेत शब्द कमी आणि चित्रं जास्त, आणि स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं. म्हणजे हातातला स्क्रू कागदावर ठेवायचा, चित्राशी जुळला तर तोच. ही युक्ती आम्हाला इतकी आवडली की आमच्या विषयाची पाठ्यपुस्तकं अशी का लिहीत नाहीत, असं वाटून गेलं.

पण बघा, पुस्तिका ‘काय’ सांगते, ‘का’ सांगत नाही. ‘इथे ग्रीस लावा’ असं चित्र आहे. का लावा, ते नाही. आणि काही गोष्टी तर चित्रात येऊच शकत नाहीत. प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना तो स्वतःचे आटे स्वतः पाडत जातो. तो किती घट्ट करायचा? आम्ही पहिल्याच दिवशी जोर लावला आणि एका भोकाचे आटे घालवले. स्क्रू नुसता गोल फिरू लागला. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही फारच पिळलंत.” आम्ही म्हणालो, “पुस्तकात घट्ट करा असंच आहे.” बरोबर आमचंच होतं, आणि आटे गेले होते.

पुढे एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही घरी उपयोगी पडेल. काढलेला स्क्रू प्लास्टिकमध्ये परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. हाताला एक बारीक ‘टक्’ जाणवतं. तिथे स्क्रू जुन्या आट्यात उतरलेला असतो. मग सुलटा फिरवायचा. असं केलं नाही तर तो दर वेळी नवे आटे पाडतो आणि चार वेळा उघडल्यावर भोक निकामी. हे ‘टक्’ आम्ही तुम्हाला शब्दांत सांगितलं खरं, पण ते कळायला स्क्रू हातातच हवा.

डिफरन्शियल म्हणजे काय

बांधणीत सगळ्यात आनंदाचा भाग गिअरबॉक्सचा. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की असतील तर एकाला घसटावंच लागणार. म्हणून मध्ये तिरक्या दात्यांचे छोटे गिअर असतात, ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात. नातवाला हे आम्ही फळ्यावर काढून दाखवलं, त्याने जांभई दिली. मग त्याने जोडलेल्या गिअरबॉक्सचं एक चाक हाताने पुढे फिरवलं, तर दुसरं आपोआप मागे फिरलं! तो दहा मिनिटं तेच करत बसला. आम्ही खडू खाली ठेवला.

आता या गाडीच्या घडणीतली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढची दोन चाकं आपापली वर-खाली होतात. मागची मात्र तशी नाहीत. मागचा सगळा गिअरबॉक्स चाकांसकट एकसंध हलतो. म्हणजे एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्यालाही तिरकं व्हावं लागतं. आणि आधाराला आहेत त्या नुसत्या स्प्रिंगा, त्यात तेल नाही. आमच्या पेटीतली मोटर होती 380 जातीची. हा आकडा मोटरच्या आकारमानाचा. छोटी आणि सौम्य मोटर. त्या मोटरीला ही घडण शोभून दिसते. गाडी उड्या मारत जाते, नावाप्रमाणे वागते.

‘मोठी मोटर टाकू या’

दोन महिने मजेत गेले. सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळी गाडी पळायची. मग नातवाला हवी झाली 540 मोटर. साधारण 28 मिलिमीटर व्यासाच्या जागी 36 मिलिमीटरची, चांगली ताकदवान. याच सांगाड्यावरच्या हॉर्नेट नावाच्या भावंडाला ती मुळातच असते, म्हणजे ती बसते हे नक्की. आम्हीही भुललो. खरं सांगायचं तर आम्हालाही वेग बघायचा होता.

मोटर बसवली. सरळ रेषेत गाडी बाणासारखी सुटली. पहिल्या वळणावर उलटली. सुलटी केली, पुन्हा उलटली. खडबडीत जागी मागचा भाग टणाटणा उडायला लागला. मागची चाकं हवेत असतील तर मोटरीची ताकद जमिनीपर्यंत पोचणार कशी? फेरीला लागणारा वेळ कमी होण्याऐवजी वाढला. आणि बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरू लागली, कारण मोठी मोटर वीजही जास्त ओढते.

आठवड्याभरात तिसरंच झालं. नातवाने विटेवर फळी टेकवून गाडी उडवली. गाडी खाली आली आणि थांबली. मोटर किंचाळतेय, चाकं ढिम्म. आम्ही सगळ्या मुलांदेखत त्याला बोललो. “सांगत होतो उड्या मारू नकोस. मोडलास ना गिअर!” तो काही बोलला नाही. गाडी आमच्या हातात दिली आणि घरी निघून गेला. त्यानंतर बारा दिवस तो टेबलाकडे फिरकला नाही. त्याची आजी म्हणाली, “अहो, उघडून तरी बघा आधी.”

उघडलं. गिअरचे सगळे दाते शाबूत होते. सैल झालं होतं ते मोटरीच्या आसावरचं छोटं पितळी पिनियन. नव्या मोटरीचा आस जाड, म्हणून ते नवं आणलं होतं, आणि बसवलं होतं आम्ही. आसाला एका बाजूला सपाट कापलेलं असतं. पिनियनचा बारीक स्क्रू बरोबर त्या सपाट भागावर टेकला पाहिजे, आणि धातूवर धातू असल्यामुळे थरथरीने सुटू नये म्हणून त्याला आटे धरून ठेवणारं द्रव्य लावायला हवं. आम्ही तो गोल भागावर टेकवला होता आणि द्रव्य लावलंच नव्हतं. पुस्तिकेत चित्र होतं. आम्ही ते पाहिलंही होतं. पण तो सपाट भाग ‘का’ आहे, हे मनात आलं नव्हतं.

चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना ‘आधी तपासा, मग ठरवा’ असं शिकवलं. नातवाच्या वेळी आम्ही आधी ठरवलं. त्याच्याकडे गेलो, पिनियन त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, “चूक आमची होती.” तो ते निरखत म्हणाला, “म्हणजे उडी मारली म्हणून नाही?” आम्ही म्हणालो, “नाही.” मग तो टेबलाशी आला.

सुधारणा कोणत्या क्रमाने

या खेपेला आम्ही एक नियम केला. ‘हा भाग बदलल्याने काय होईल आणि का’ हे ज्याला सांगता येईल त्यानेच तो बदलायचा. त्यातून जो क्रम निघाला तो असा.

पहिलं बेअरिंग. पेटीत चाकांच्या आसाला बुश येतात. त्यांत आस घासत फिरतो. बुश झिजला की आस डुलतो आणि गिअरचे दाते नीट बसत नाहीत. बॉल बेअरिंग घातलं की घर्षण कमी. टामियाच्या अनेक गाड्यांना 11 मिलिमीटर बाहेरच्या आणि 5 मिलिमीटर आतल्या व्यासाचं बेअरिंग चालतं. चाक बोटाने फिरवून बघायचं, आधी किती फिरत होतं आणि आता किती. मोटर न बदलता गाडी सुधारते ती इथे.

दुसरं टायर. जमिनीशी बोलणं फक्त टायरचं चालतं, बाकी सगळी गाडी त्यांच्यामार्फत बोलते. दिवाळीनंतरच्या आमच्या भुसभुशीत मातीला मागे काट्यांचे टायर बरे पडले आणि पुढे वळण धरणाऱ्या उभ्या धारांचे.

तिसरं तेलाचे डँपर, ज्यांना आपल्या गॅरेजात शॉकॉपसर म्हणतात. नुसती स्प्रिंग दाबली की तिच्यात जितकी ऊर्जा जाते, तिच्यातली बहुतेक ती परत फेकते. म्हणून गाडी टणाटणा उडते. डँपरमध्ये भोकं असलेली चकती तेलातून सरकते, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जिरते. तेल दाट तर हालचाल मंद. भरताना दांडा हळूहळू वर-खाली करून हवेचे बुडबुडे निघू द्यायचे, घाई केली तर प्रत्येक धक्क्याला गाडी वेगळी वागते. हे काम नातवाने केलं. आमचे हात थरथरतात.

आणि मग मोटर. तीच 540. आता ती वळते. नातवाला हेही कळलं की उडीत गाडी हवेत असताना वेग वाढवला तर नाक वर जातं आणि ब्रेक लावला तर खाली येतं, कारण फिरत्या चाकांच्या गतीत बदल झाला की त्याचा उलटा परिणाम गाडीच्या अंगावर होतो. म्हणजे ज्या उडीवरून आम्ही रागावलो, ती मारायचंही एक शास्त्र आहे.

इथे एक तुलना करतो. त्याच 1984 साली अमेरिकेत टीम असोसिएटेड कंपनीने आरसी10 ही बग्गी काढली. सोनेरी रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकं स्वतंत्र, चारही बाजूंना तेलाचे डँपर. 1985 साली कॅलिफोर्नियात या मापाच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे दोन चाकांना गती असलेल्या गटात जे हॉल्सी हा तरुण याच गाडीवर जिंकला. आमचा नाकतोडा तिच्याशी कधीच स्पर्धा करू शकणार नाही, कितीही भाग बदलले तरी. कारण एक गाडी शर्यतीसाठी आखलेली, दुसरी शिकण्यासाठी. सुधारणेला मर्यादा असते, आणि ती मूळ आराखड्यात लिहिलेली असते.

ही तीच गाडी का?

शेवटी नातवाने आमच्याच विषयातला प्रश्न विचारला. “आजोबा, मोटर बदलली, टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या. मग ही तीच गाडी का?”

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला असंच विचारतो. रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यांपैकी काहीच नाही, तर ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं वेगळं. भागांहून निराळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो, आणि अवयव बदलला की जुना जाऊन नवा अवयवी उत्पन्न होतो. आम्ही हे दोन्ही त्याला सांगितलं. या वेळी त्याने जांभई दिली नाही.

पण मोटरीने आम्हाला जे शिकवलं ते असं. वेग मोटरीत नव्हता. मोटर, टायर, डँपर आणि माती यांचं एकमेकांशी जमतं तेव्हा वेग येतो. एकच भाग बळकट केला की कमजोरी जात नाही, ती शेजारच्या भागाकडे सरकते. घरातही असंच होतं, हे त्या बारा दिवसांत कळलं.

नातवाने काढलेले सगळे भाग फराळाच्या जुन्या डब्यात जपून ठेवले होते. जुन्या फळ्या जपून त्यांचं पुन्हा जहाज केलं तर खरं जहाज कोणतं, हा हॉब्सचा प्रश्न त्या डब्यात तयारच होता. नातवाने तो आपल्या पद्धतीने सोडवला. यंदा त्याची धाकटी बहीण गाडी मागू लागली, तर त्याने 540 काढली आणि डब्यातली जुनी 380 मोटर परत बसवली. म्हणाला, “तिला आधी हळूच बरी.” स्क्रू बसवताना त्याने तो आधी उलटा फिरवला, थांबला, आणि बहिणीला म्हणाला, “आता हात लाव. टक् झालेलं कळलं?”

आता प्रश्न विचारा. आणि गाडी कोणाला हातात घेऊन बघायची असेल तर पुढे या.